डाव्या पायाची पेन्शन

ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि माझा डावा पाय सेवानिवृत्त झाला. सासरे, म्हणजे आमचे मामा, तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. क्लच नसलेल्या गाडीला ते गाडी म्हणत नाहीत, पाळणा म्हणतात.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांना पाळण्यात घालून महाबळेश्वरला निघालो. वाई सोडली, पसरणी घाट लागला. घाटात अर्धं पुणे आधीच येऊन उभं होतं. चढावर ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटरवर पाय अलगद ठेवून मी गाडी जागच्या जागी तोलून धरत होतो. या कौशल्याकडे मामांचं लक्ष जावं अशी फार इच्छा होती. त्याआधी डॅशबोर्डवर दिवा लागला. गिअरबॉक्स तापला होता.

"जावईबापू, इंजिन बंद करा," म्हणत मामा बॉनेटवर ओतायला पाण्याची बाटली घेऊन उतरले. फोनवर मेकॅनिक ओरडला, "बंद नका करू! कडेला घ्या, पार्कमध्ये टाका आणि चालू राहू द्या!"

त्याचं म्हणणं असं : माझ्या गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आहे. म्हणजे समोरासमोर दोन पंखे आणि मधे तेल. एक पंखा इंजिन फिरवतं, त्याने ढकललेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. चढावर गाडी अडली की दुसरा पंखा हटून बसतो, पहिला थांबत नाही आणि मधल्या मधे तेल घुसळून तापतं. ते निवायला जातं रेडिएटरमध्ये, जिथलं पाणीच नव्वद अंशांच्या आसपास! उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे बंबातलं पाणी ठेवावं तसं. पण सव्वाशे अंशांवरून आलेल्याला तेच गार. आणि तेल तिथवर ढकलणारा पंप चालतो इंजिनवर. इंजिन बंद, की तेल आहे तिथेच तापत बसणार.

वीस मिनिटांनी दिवा विझला. बाटली मामांनी पिऊन टाकली.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने तेल काढून दाखवलं. नवं तेल कोकम सरबतासारखं लाल, माझं गुळाच्या चहासारखं, वर करपल्याचा वास. "नशीब समजा," तो म्हणाला, "रेडिएटरच्या आतला कूलर फुटला असता तर पाणी तेलात मिसळून स्ट्रॉबेरी मिल्कशेक झाला असता." महाबळेश्वरहून आलेल्या माणसाला हे सांत्वन!

"डाव्या पायाचं काम तेलाच्या बोकांडी बसवलंत," मामा म्हणाले. "ब्रेक काय शोभेला दिलाय?"

हल्ली चढावर मी ब्रेक दाबतो. मामा मागच्या सीटवरून वाकून, दाबलाय ना ते बघतात.