ऐपतीचा दाखला एफआयआरलाच जोडा

राज्याच्या गृह विभागाला आमची एक नम्र सूचना आहे. खर्च शून्य, बचत भरपूर. सध्या फौजदारी प्रकरणात ऐपतीचा दाखला फार उशिरा मागतात. आधी अटक, मग कोठडी, मग वकिलाची शोधाशोध, मग जामीन. तो मंजूर झाल्यावर कुठे कारकून मान वर करून विचारतो, ‘जामीनदार कुठाय? सातबारा आणलाय? तहसीलदाराचा दाखला?’ तोवर सगळ्यांचाच वेळ वाया गेलेला असतो. हाच दाखला एफआयआर लिहितानाच घेतला, तर कलम कुठले आणि पुरावा काय असल्या किरकोळ चौकशीत शिरायलाच नको.

वर्गवारीसाठी नवे डोके चालवायची गरज नाही. रेशनकार्डाचे रंग आहेतच: पांढरा, केशरी, पिवळा.

उशिरा दाखला मागण्याचा गोंधळ जुनाच आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सुप्रीम कोर्टाने जामिनावर सोडायला सांगितले. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून चालेना. गवंडी पुन्हा दिल्लीच्या दारात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा खरमरीत निकाल दिला की तो अजून कायद्याच्या वर्गात शिकवतात. वर्गात शिकवतात, एवढेच. कोर्टाच्या आवारात ‘जामीनदार लोकल पाहिजे’ हेच चालते. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर शंभर कैद्यांपैकी पंचाहत्तरांहून जास्त कच्चे कैदी होते. म्हणजे आपले तुरुंग प्रामुख्याने गुन्हा सिद्ध न झालेल्यांसाठी चालतात. गुन्हा सिद्ध झालेले अल्पसंख्याक आहेत.

पांढऱ्या दाखल्याचे लाभ तर आधीच सुरू आहेत, फक्त परिपत्रक निघायचे बाकी आहे. ६ मे २०१५ रोजी सलमान खानला मुंबईच्या सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा जीव २००२ साली गेला होता, तेव्हा घाई झाली असे कोणी म्हणणार नाही. घाई नंतर झाली. त्याच संध्याकाळी हायकोर्टातून दोन दिवसांचा अंतरिम जामीन. कारण? निकालाची प्रत हातात आली नव्हती. हे वाचून राज्यातल्या कैद्यांनी किती आशेने एकमेकांकडे पाहिले असेल! प्रत मिळाली नाही म्हणून आत बसलेले शेकड्याने सापडतील, प्रत मिळाली नाही म्हणून बाहेर आलेला शोधावा लागेल. पुढे डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडले, त्याविषयी आम्ही ब्र काढणार नाही. फक्त फिर्याद देणारा अंगरक्षक पोलिस शिपाई आठवतो. साक्षीच्या तारखांना गैरहजर राहिला म्हणून त्याला अटक झाली, नोकरी गेली, २००७ मध्ये तो क्षयाने वारला. आणि हायकोर्टाला त्याची साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह वाटली नाही. त्याच्या दाखल्याचा रंग आम्ही सांगायला नको.

तळोजा तुरुंगाला तर आमच्या योजनेचे प्रायोगिक केंद्रच म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०२०. एक कैदी वृत्तवाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी, दुसरे एल्गार परिषद प्रकरणातले त्र्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी. स्वामींना कंपवात, पेला हातात ठरत नव्हता. म्हणून ६ तारखेला त्यांनी कोर्टाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. त्यांना अटक करणाऱ्या एनआयएने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. उत्तर काय, तर सिपर आम्ही जप्त केलेलाच नाही. गोस्वामींना याच महिन्याच्या ४ तारखेला अटक झाली होती, ११ तारखेला सुप्रीम कोर्टाने त्यांना अंतरिम जामीन दिला. स्वातंत्र्य एका दिवसासाठीही हिरावता कामा नये असे कोर्टाने नंतरच्या सविस्तर निकालात सांगितले आणि ते शंभर टक्के बरोबरच आहे. तळोजातल्या ध्वनिक्षेपकावरून ते सगळ्या बॅरेकींना ऐकवायला हवे होते. स्वामी पुढच्या जुलैत गेले, जामिनाचा अर्ज प्रलंबित ठेवून.

अल्पवयीनांसाठी वेगळा दाखला लागेल का, असे एका वकील मित्राने विचारले. मुळीच नाही, रंग वडिलांचाच चालतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. काही तासांत जामीन, आणि अट तीनशे शब्दांच्या निबंधाची. लोक उगाच चिडले. अलीकडची मुले लिहीत नाहीत अशी ओरड आपणच करतो ना? नंतर ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खुद्द आईचे रक्त वापरल्याचे पोलिसांचे म्हणणे. आईने मुलासाठी रक्त आटवावे असे आपण म्हणत आलो, कोणी ते इतके मनावर घेईल असे वाटले नव्हते.

आता पिवळा दाखला. २००३ साली नाशिकजवळ खून-बलात्काराचा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे स्पष्ट झाले की त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. त्याला निबंध कोणी दिला नाही. मग मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाला दिसले की जखमी साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांकडे बोट दाखवले होते आणि त्यांचा तपास झालाच नाही. सहाही निर्दोष. प्रत्येकी पाच लाख भरपाई. सोळा वर्षांवर भागून पाहा, दिवसाला साधारण पंच्याऐंशी रुपये पडतात. रोजगार हमीवर खड्डे खणले असते तर त्या साली दुपटीहून जास्त मिळाले असते, आणि फाशीची टांगती तलवारही नव्हती.

यात नवे काहीच नाही. इंग्रजांनी १८७१ सालीच काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून दाखला थेट जन्मालाच जोडला होता. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला, या जमातींना डांबलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटची काटेरी तारही पुढे काढली. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते, हे मात्र गाडीलाच पाठ आहे.

राहिला केशरी दाखला. हा सर्वांत लवचीक. पिवळ्याचा पांढरा करायला पिढ्या लागतात. केशरी रंग पक्षप्रवेशाच्या दिवशी, हार घालतानाच चढतो. एअर इंडियासाठी विमाने भाड्याने घेतल्याचे प्रकरण सीबीआयने २०१७ मध्ये नोंदवले. ते प्रफुल्ल पटेल विमान वाहतूक मंत्री असतानाच्या काळातले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने ते बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा पटेल सत्ताधारी आघाडीत येऊन आठ महिने झाले होते. पुरावा नव्हता म्हणून बंद केले, हे आम्ही मान्य करतो. पुरावा नाही हे कळायला कोणाला सात वर्षे लागतात आणि कोणाला सोळा, एवढाच फरक.

मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. एकच अडचण राहिली. दाखल्यासाठी अर्जदाराने आधार कार्ड आणि सातबारा घेऊन तहसील कार्यालयात स्वतः हजर राहायचे आहे. जो आधीच आत आहे, त्याला आणायला पोलिस एस्कॉर्ट लागेल, आणि एस्कॉर्ट सध्या एका मंत्र्यांच्या बंदोबस्तात आहे. मंत्री हृदयाची तपासणी करायला खासगी रुग्णालयात दाखल आहेत. त्यांना अटक होण्याची शक्यता आहे.