पंधरा ॲम्पिअरचा प्लग आणि मलिक अंबर

आमच्या साडूंची मोटार विजेवर चालते आणि साडू मोटारीवर. पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, त्यातला पहिलाच प्रश्न : "राव, तुमच्याकडे पंधरा ॲम्पिअरचा प्लग आहे ना?" तब्येतपाणी, मुलंबाळं हे सगळं अर्थिंगची चौकशी झाल्यावर. मी उस्मानपुऱ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून पुढची हयात वाळूजच्या एका टूलरूममध्ये घालवलेला माणूस. माझ्या घरात देव्हारा आहे की नाही याबद्दल शंका घ्या, अर्थिंगबद्दल घेऊ नका.

तंत्रवेड्यांच्या दोन जाती असतात, विकत घेणारे आणि उघडून बघणारे. साडू पहिल्या जातीचे. खोका फोडतानाचा व्हिडिओ काढतात आणि वस्तू बिघडली की दुसरा खोका मागवतात. मी दुसऱ्या जातीचा. आमच्या घरात मिक्सर, इस्त्री, गीझर यांतलं एकही यंत्र असं नाही, ज्याचा एखादा स्क्रू माझ्या डबीत शिल्लक नाही. "तुम्ही दुरुस्त केलेलं चालतं हो," बायको म्हणते, "पण ती डबी बघितली की मला गीझर लावायची भीती वाटते." पैठण गेटची मोबाईलवाली पोरं मला 'अंकल' म्हणून ओळखतात. मी दुकानात शिरलो की काय पाहिजे म्हणून विचारत नाहीत, मेलेल्या बोर्डांची पिशवीच पुढे करतात.

आमचं घर पीरबाजाराच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. साडूंनी स्वयंपाकघरातल्या प्लगमधून वायर काढली, ती गॅलरीतून शेजारच्यांच्या तुळशीला वळसा घालून खाली गाडीला जोडली आणि रस्त्यावर उभं राहून समाधानाने वर-खाली पाहिलं. तेवढ्यात भाजीची गाडी घेऊन चाललेल्या बाई थांबल्या.

"दादा, सलाईन लावलं का गाडीला?"

"सलाईन नाही हो. तीन पॉइंट तीन किलोवॅट."

"काय भाव किलो?"

साडू वर येऊन पाणी प्यायले.

पाण्याचं नाव काढलंच आहे तर सांगतो. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. मधे दिवस जातात, आणि येतं तेव्हा आपली वेळ विचारून येत नाही. पैठणचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटर, शिवाय आपल्यापेक्षा खाली. म्हणजे पाणी पंपाने चढवत आणायचं. ते कधी पोचेल हे लाइनमनला विचारावं तर "येऊ लालंय" एवढंच उत्तर. म्हणून मी नळाच्या तोंडात स्टीलचे दोन स्क्रू बसवलेत. त्यांच्या मागे एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. पाणी दोन्ही स्क्रूंना एकदम टेकलं की ट्रान्झिस्टरच्या बेसला चिमूटभर करंट मिळतो, तो जागा होतो आणि मला जागं करतो. सगळा खर्च चहा-भज्यांत बसतो.

साडूंनी चष्मा वर करून पाहणी केली. "याचं ॲप कुठाय?"

"ॲप नाही. आवाज आहे."

"मग तुम्ही पुण्याला आलात आणि इकडे पाणी आलं तर कळणार कसं?"

पुण्यात बसून उस्मानपुऱ्यातलं पाणी कोणत्या बादलीत धरायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रात्री दोनच्या सुमारास नळाने आधी फुस्सकन हवा सोडली आणि मग बझर बोंबलला. हौद भरू लागला, मी टाकीची मोटार चालू केली. एक अश्वशक्तीची मोटार सुरू होताना क्षणभर आपल्या रोजच्या खुराकाच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे आम्हाला तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्याच वेळी साडूंची गाडी खाली निवांत आपले किलोवॅट पीत होती. एमसीबी खट्‌कन पडला. अंधारातून साडूंचा आवाज आला, "राव, गाडी एकसष्टला अडकली!"

"भावजी," दुसऱ्या खोलीतून बायको म्हणाली, "टाकी शून्याला आहे."

गाडीचा प्लग निघाला. अर्धवट पोटानेच आम्ही चौघं सकाळी बाहेर पडलो. साडूंच्या यादीत पहिला होता मकबरा. मी त्यांना आधी पानचक्कीला नेलं. कोकणवाडी, पंचवटी चौक, मिल कॉर्नर, भडकल दरवाजा. गाडीतली बाई वाट सांगत होती आणि खाम नदीपाशी तिने आत्मविश्वासाने आम्हाला थेट नदीत वळायला सांगितलं. मी रिक्षामागून चला म्हणालो.

माझं एक मत आहे आणि ते मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. लोक या शहरात येतात, मकबऱ्यापुढे फोटो काढतात, ताजची नक्कल आहे म्हणतात आणि इमरती खाऊन परत जातात. मकबऱ्यात मला एकच गोष्ट मनापासून आवडते. त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा लिहून ठेवलेला आहे. अताउल्लाने घुमट उभा केला, हंसपतरायने बांधकाम सांभाळलं, सगळं ठीक. पण ते सात आणे ज्याने वहीत टिपले, तो माणूस माझ्या टूलरूमच्या स्टोअरला हवा होता. बाकी हे शहर प्रेमाचं नाहीच, हे शहर प्लंबिंगचं आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये इथं खडकी वसवलं आणि पाठोपाठ पाण्याच्या मागे लागला. उत्तरेच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. पानचक्कीची नहर त्याच्या नंतरची, पण घराणं तेच.

साडू हौदाच्या कडेला उभे राहिले. समोर भिंतीवरून पाण्याची चादर पडत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"पंप कुठं बसवलाय?"

"पंप नाही."

"बरं, मग वीज गेल्यावर?"

शेजारी एक म्हातारे गृहस्थ तसबीह ओढत बसले होते. ते डोळे न उघडताच म्हणाले, "साब, पानी कू मालूम है किधर जाना."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं, तरी मी सांगितलंच. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून खापराच्या नळांतून पाणी येतं. वाटेत दगडी मनोरे उभे केलेत. पाणी त्यांत चढतं, कोंडलेली हवा सुटते आणि जास्तीचा दाब जिरतो. आपल्या गच्चीवरच्या पाइपात 'एअर' धरते आणि आपण नळ तोंडाने ओढत बसतो, त्यावरचा हा इलाज तीनशे वर्षांपूर्वीचा. शेवटी पाणी उंचावरून खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतं. चाकाचा दांडा सरळ वरच्या जात्यात. गिअर नाही, पट्टा नाही, ग्रीसचा डबा नाही. खालची तळी गप्प, वरची फिरते. दर्ग्याला येणाऱ्या यात्रेकरूंचं आणि फौजेचं पीठ या चक्कीने दळलं. टूलरूममध्ये आम्ही याला 'डायरेक्ट ड्राइव्ह' म्हणायचो आणि त्याचे जादा पैसे लावायचो.

त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा असतो. साडूंनी पिशवीतून पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर काढलं आणि छतावर रोखलं. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी सवयीने टोपी मागे सारून कपाळ पुढे केलं. साडूंनी तेही मोजलं. नॉर्मल निघालं. आजोबा दुवा देऊन गेले.

दौलताबाद आम्ही खालूनच पाहिलं, कारण ताईंचे, म्हणजे साडूंच्या बायकोचे, गुडघे आणि माझी इच्छा दोन्ही एकाच वेळी दुखायला लागले. साडूंनी मात्र मत दिलंच. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि काही वर्षांनी परत नेली, म्हणजे चाचणी न घेता सरळ सगळ्यांच्या फोनवर नवी आवृत्ती सोडली. मी नाही म्हणालो नाही. पुढे ताईंनी सीताफळं घेतली आणि गाडीच्या पांढऱ्या सीटवर बिया पडू नयेत म्हणून साडू खुलताबादपर्यंत आरशातून मागेच बघत राहिले.

वेरूळला त्यांनी नवी टॉर्च काढली. तिच्या खोक्यावर किती ल्युमेन लिहिले होते ते ऐकून मला माझ्या घरातल्या सगळ्या दिव्यांची दया आली. आतल्या अंधाऱ्या लेण्यात बुद्धाच्या चेहऱ्यावर त्यांनी झोत टाकला आणि चेहरा गेला. नाक, ओठ, पापण्या सगळं एका पांढऱ्या थापेत सपाट. तिथला रखवालदार काही बोलला नाही. टॉर्च बंद करा अशी खूण करून तो बाहेर गेला आणि दारापुढच्या उन्हात चंदेरी कागद चिकटवलेली एक फळी त्याने तिरकी धरली. उन्हाचा कवडसा आत सरकला, जमिनीवर पडला, तिथून वर उठला. बाजूने आलेल्या त्या उजेडात आधी गालाची कड दिसली, मग खालचा ओठ, मग मिटत आलेल्या पापणीखालची बारीक रेघ. फळी बोटभर हलली की चेहऱ्यावरचा भाव बदलायचा. साडू बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "डिमेबल आहे."

कैलास लेण्यापुढे मात्र बोलायची पाळी माझी होती. साडूंच्या घरी थ्री-डी प्रिंटर आहे. तो रात्रभर थरावर थर चढवून गणपती करतो आणि सकाळी सोंड हातात येते. इथं उलटं काम आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण राजाच्या काळात, डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत आले. आधी कळस, शेवटी जोतं. पाडलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टन सांगतात. मी आयुष्यभर मिलिंग केलं. जॉबमधून एक दशांश मिलिमीटर जास्त निघाला तर तो भंगारात टाकायचा, सुपरवायझरची बोलणी खायची आणि नवा ठोकळा बांधायचा. इथं नवा ठोकळा आणणार कुठून? वर हत्तीची सोंड खोदताना खाली अजून दगडातच असलेल्या हत्तीचा पाय कुठं येणार, हे कुणाला तरी पक्कं ठाऊक होतं, आणि ते ज्या ड्रॉइंगवर होतं ते ड्रॉइंग कुणी पाहिलेलं नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्या आजूबाजूला आमच्यासारखे शेकडो लेथवाले वाढले. लोक म्हणतात, तेव्हापासून या भागात इंजिनिअरिंग सुरू झालं. म्हणू देत.

मी असा रंगात आलेला असताना साडूंनी ड्रोन काढला.

"अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे," रखवालदाराला त्यांनी समजावलं. "नॅनो. याला लायसन्स लागत नाही."

"साब, मच्छर भी लाए होंगे तो इधर नहीं उडाने का."

ड्रोन पिशवीत गेला. पिशवीपाशी बसलेल्या माकडाने तो पुन्हा बाहेर काढून बघितला, चावला आणि परत ठेवला. ते माझ्या जातीचं निघालं.

परतीला वेरूळहून खुलताबादचा घाट चढताना बॅटरीचे चार टक्के गेले, तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं. पण दौलताबादच्या घाटात उतार लागला आणि साडूंनी पॅडलवरून पाय काढला. चाकं मोटारीला फिरवू लागली, मोटार बॅटरीत वीज परत भरू लागली आणि पडद्यावरचा सदतीसचा आकडा अडतीस झाला. साडूंच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. खालच्या वळणावर तो एकोणचाळीस झाला.

"राव, फुकट! बघा, फुकट भरतेय! परत वर जाऊन एकदा उतरू या का?"

मी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगायला तोंड उघडलं. चढताना गेलेले चार, उतरताना आलेले दोन, मधले दोन कुठं गेले, याची मांडणीही मनात तयार होती. तेवढ्यात मागच्या सीटवर सीताफळ फोडत ताई म्हणाल्या, "त्या लेण्यांच्या लोकांनी एवढा डोंगर फोडलाच होता, तर वेरूळपासून उस्मानपुऱ्यापर्यंत सरळ उतार काढून द्यायचा होता. आपलं जाताना काय, ढकलत नेली असती."