एक तारा आणि हिंडालियमचा डबा

आमची पिठाची गिरणी कसब्यात आहे आणि तिची अब्रू गूगलवर. हा दुसरा पत्ता बाबांना दाखवला, ही माझी चूक.

नऊ जणांनी पाच-पाच तारे दिले होते. (त्यातले चार आमच्याच घरातले. तेही नियमात बसत नाही म्हणे.) मग दहावा अभिप्राय आला : 'उपासाच्या भाजणीला गव्हाचं पीठ लागलं. चतुर्थी मोडली.' एक तारा. पाचाचे झाले ४.६.

"खोडून टाक," बाबा म्हणाले.

मालकाला खोडता येत नाही, तक्रार करता येते. पण नुसतं झोंबलं म्हणून केलेली तक्रार गूगल ऐकत नाही. ४.९ गाठायचे तर आणखी तीस जणांचे पाच-पाच तारे लागतील, असा हिशेब मी मांडला. बाबांनी रांगेतले डबे मोजले. सहा होते.

उत्तर देता येतं हे कळल्यावर मात्र ते खुलले. फोन तोंडाशी धरून म्हणाले, "डब्यावर चिठ्ठी नव्हती. दळण उपासाचं आहे हे आपण सांगितलं नाहीत. आमची गिरणी ज्योतिष बघत नाही." मी ते पुसून 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहिलं. बाबांनी वाचलं. "अगं, हे बँकेचं पत्र आहे. मी असतो तर दळण दुसरीकडे टाकलं असतं."

समजूत घालायला मी सांगितलं, की ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० नावाचं मानकच काढलंय.

"काट्याला मारतात तसा शिक्का मारून जातात का?"

"नाही, ते ऐच्छिक आहे."

"मग राहू दे."

अभिप्राय देणाऱ्याच्या नावाच्या जागी गुलाबाचं फूल होतं. पण बाबा माणसं डब्यावरून ओळखतात. "वरई, राजगिरा, साबुदाणा, संकष्टीच्या आदल्या दिवशी... हिंडालियमचा डबा, झाकणाला नाडी. मागच्या वाड्यातल्या काकू."

फुकट दळून देऊन तारे मिळवणं नियमाबाहेर आहे, हे मी घाईघाईने सांगितलं.

"दळणाचे पैसे घेईन. तारा फुकट मागेन."

काकूंचा डबा मागवला. गिरणी झाडली, आधी मूठभर वरई दळून ते पीठ बाजूला टाकलं, मग भाजणी दळली आणि नाडी बांधून बाबा स्वतः जिना चढले. खाली उतरले तेव्हा हातात बेसनाचा लाडू होता.

रात्री अभिप्राय बदलला : 'भाजणी सुरेख. पण मालक घरी येतात.' चार तारे. सरासरी ४.९.

पाचवा तारा नेमका कशाचा कापला, हे विचारायला बाबा सकाळपासून निघालेत. चपला मी लपवून ठेवल्या आहेत.