समभुजराव

हल्ली दर सोसायटीत एक तरी समभुजराव निघतातच. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, नोकरी बहुधा आयटीतली किंवा बँकेच्या संगणक विभागातली. २०२० च्या मार्चमध्ये ‘पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून मुलाच्या खोलीत टेबल टाकलं, ते आजतागायत तिथंच आहे. मुलगा शिकायला बंगळुरूला गेला, त्याचा पलंग कुणाला तरी देऊन टाकला आणि दहा बाय दहाच्या त्या खोलीचं ‘माझं ऑफिस’ झालं. चार फुटी टेबल, त्यावर चोवीस इंची दोन मॉनिटर, भिंतीवर राउटर. इथवर गृहस्थ तुमच्याआमच्यातलेच. बिघडतं ते स्पीकरची जोडी घरात आल्यावर.

स्पीकर काय, सगळेच घेतात. खोक्यातून काढायचे, जागा दिसेल तिथं ठेवायचे, गाणं लावायचं आणि कामाला लागायचं. समभुजराव मात्र सोबतचं माहितीपत्रक वाचतात. त्यात एक आकृती असते. दोन स्पीकर, एक डोकं, तिघांत सारखं अंतर आणि तिन्ही कोन साठ अंशांचे. शाळा सुटल्यापासून कंपासपेटीला हात न लावलेला हा माणूस त्या संध्याकाळी मोजपट्टी घेऊन टेबलाखाली शिरतो आणि जेवायला बाहेर येतो तेव्हा त्याचा चेहरा पडलेला असतो.

कारण हिशेब जमत नाही. चोवीस इंची मॉनिटर रुंदीला साधारण ५३ सेंटिमीटर. दोन शेजारी शेजारी ठेवले की १०६. टेबल १२२. उरले १६, म्हणजे दोन्हीकडे आठ-आठ. आणि स्पीकर रुंदीला १८. बरं, स्टँड आणून ते टेबलाच्या बाहेर उभे केले, तर दोघांतलं अंतर सव्वा मीटरच्या पुढं जातं. मग डोकंही तितकंच लांब हवं. डोकं तिथं नेलं की हात कीबोर्डला पोचत नाहीत आणि एक्सेलमधले आकडे दिसत नाहीत. पुढं सरकलं की आकडे दिसतात, पण त्रिकोण मोडतो. पगार आकड्यांचा आहे, जीव त्रिकोणात आहे.

मग प्रयोग सुरू होतात. स्पीकर मॉनिटरच्या मागं ठेवून पाहिले, तर झांजा आणि टाळ पडद्याच्या पाठीवर आपटून तिथंच राहिले. भिंतीवर फळी ठोकून वर चढवले, तर भीमसेन वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गायला बसले. आडवे झोपवले, तर मान जराशी कलली की आवाजाचा पोत बदलू लागला. शेवटी एका रविवारी त्यांना युक्ती सापडते: एक मॉनिटर उभा करायचा! ५३ अधिक ३०, झाले ८३. उरलेल्या ३९ मध्ये दोन्ही स्पीकर मावतात आणि वर थोडी जागाही राहते. त्या उभ्या मॉनिटरवर एक्सेलचे आता जेमतेम सहा-सात रकाने दिसतात. पण मार्चअखेर वर्षातून एकदाच असते, असं त्यांचं म्हणणं.

जागा मिळाली, आता उंची. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक, उंच सुरांचा छोटा भाग, कानाच्या रेषेत हवा. त्यासाठी विश्वकोशाचे खंड उपयोगी पडतात. घरात आल्यापासून ते प्रथमच कशाला तरी आधारभूत ठरतात. दोन खंडांनी उंची थोडी कमी पडते आणि तिसऱ्यानं जास्त होते, म्हणून वर एक दिवाळी अंक. ज्या वर्षी जाहिराती कमी मिळाल्या त्या वर्षीचा, कारण तो पातळ. स्पीकरचा कंप टेबलाला लागू नये म्हणून त्याखाली वॉशिंग मशीनचे रबरी पाय. आणि स्पीकर पुढून किंचित उचललेले, कारण आवाज टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून उसळून क्षणभर उशिरा कानात येतो आणि थेट आलेल्या आवाजाशी भांडतो. हे भांडण तुम्हाला ऐकू येत नाही. त्यांना येतं.

खोलीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र सुटत नाही. वास्तुशास्त्रवाले चौरस खोलीला शुभ म्हणतात. समभुजरावांच्या मते चौरस खोलीइतकं अशुभ जगात काही नाही, आणि इथं भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमत राहतो. खोली लांबट असती तर लांबीचा घुमार वेगळा, रुंदीचा वेगळा झाला असता. चौरसात दोन्ही एकाच सुरावर येऊन बसतात. कोपऱ्यात उभं राहिलं तर हा खर्ज छातीत धडधडतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर बसलं तर गायब होतो. “बिल्डरनं एक भिंत फूटभर सरकवली असती तर काय बिघडलं असतं?” असं ते तळमळून विचारतात. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना ही सूचना आवडत नाही.

त्यावर उपाय म्हणून वहिनींच्या कपाटातल्या गोधड्या आणि गाद्यांच्या गुंडाळ्या कोपऱ्यांत उभ्या राहतात. घरी आलेली सासुरवाडीची मंडळी विचारतात, “कुणी राहायला येणार आहे का?” आणि मग येतो आरशाचा दिवस. खुर्चीत बसून पाहताना बाजूच्या भिंतीवरच्या आरशात ज्या जागी ट्विटर दिसेल, तिथूनच आवाज परावर्तित होऊन कानाकडं येतो. तिथं काहीतरी मऊ लावायचं. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. अडचण एवढीच की आरसा धरायला दुसरं माणूस लागतं, आणि वहिनींना साडेनवाची बस गाठायची असते.

“अहो, झालं का? हात दुखला.”

“जरा मागे. अजून. तिथंच थांब!”

“आज शनिवार नाही. मला ऑफिस आहे.”

त्या भिंतीवर आता दुपटं टांगलेलं आहे. मुलाच्या बारशाचं.

समभुजरावांना इतिहासही पाठ असतो, आणि तो ते चहाबरोबर देतात. काचेच्या जाड मॉनिटरच्या काळात स्पीकर जवळ आणला की आतल्या चुंबकामुळं पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग उमटायचे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘शिल्डेड’ स्पीकर मागून घ्यावे लागत. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या शंकूचा स्पीकर १९७८ मध्ये घरासाठी म्हणून आला आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. त्याचा आवाज फार टोचतो म्हणून तंत्रज्ञ ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. हे वाचल्यावर समभुजरावांनी उडप्याकडचा नॅपकिन लावून पाहिला होता. त्यांच्या मते एकेरी लावला तर फरक पडत नाही आणि घडी केली तर फार पडतो.

त्यांची लाडकी गोष्ट ॲलन ब्लुमलाइनची. हा इंग्रज अभियंता बायकोला घेऊन सिनेमाला गेला, आणि नट पडद्याच्या एका टोकाला असताना आवाज भलतीकडूनच येतोय, हे त्याला सहन झालं नाही. त्यातून त्यानं १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. ही गोष्ट सांगून झाली की समभुजराव अपेक्षेनं वहिनींकडं पाहतात. वहिनी म्हणतात, “त्यानं बायकोला सिनेमाला तरी नेलं होतं.”

घरातला त्यांचा खरा शत्रू पंखा. डोक्यावर तो फिरत असला की तंबोऱ्याची जोड आणि पंख्याची घरघर यांत फरक करणं शास्त्रालाही अवघड. म्हणून बारकाईनं ऐकायचं तेव्हा पंखा बंद, खिडकी बंद, आणि महिना मेचा. दुसरा धोका केर-फरशीच्या मावशींचा. त्या फडकं मारताना डावा स्पीकर दोन बोटं सरकवतात आणि सबंध मैफल डावीकडं कलंडते. ही तक्रारही निराधार नाही. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिलेला आहे: दोन ठिकाणांहून एकच आवाज आला तर कान आधी पोचलेल्याचाच पत्ता धरतात. एक स्पीकर नुसता फूटभर जवळ आला, तरी गाण्याचा सातबारा जवळजवळ त्याच्याच नावावर होतो. म्हणून समभुजरावांनी टेबलावर काळ्या टेपनं चौकटी आखल्या आणि मावशींना समजावलं, “याच्या आतच राहू द्या हं.” दुसऱ्या दिवशी मावशींनी नख लावून टेप काढून टाकली आणि वहिनींना सांगितलं, “साहेबांच्या टेबलावर केवढा चिकटा होता!”

आता एक गोष्ट हळूच सांगायला हवी. ऑफिसच्या वेळेत हे स्पीकर कधीच चालू नसतात. मीटिंगमध्ये स्पीकर चालू ठेवला की समोरच्यांना आपलेच शब्द परत ऐकू येतात, म्हणून सकाळी दहापासून समभुजरावांच्या डोक्यावर कंपनीनं दिलेला हेडसेट असतो, तोही एकाच कानाचा. संध्याकाळी तो उतरतो तेव्हा स्वयंपाकघरात कुकर सुरू होतो आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा कॅरम काढतो. ऐकण्याची खरी वेळ रात्री साडेदहानंतरची, आणि तेव्हा आवाज मोठा करता येत नाही.

तरी ते ऐकतात. चाचणी घ्यायला बहुधा गीतरामायण. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा घरोघरच्या रेडिओला स्पीकर एकच होता. बाबूजींचा तो स्वर समभुजराव दोन स्पीकरांवर लावतात. त्रिकोण जमला असेल तर तो ना डावीकडून येतो, ना उजवीकडून; दोन्ही स्पीकरांच्या बरोब्बर मधून, जिथं स्पीकरच नाही तिथून येतो. म्हणजे मोजपट्टी, विश्वकोश, गोधड्या आणि बारशाचं दुपटं, एवढं सगळं पणाला लावून त्यांनी १९५५ चा एक स्पीकर परत मिळवलेला असतो. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, “करेक्ट! तीच तर परीक्षा आहे.” टोमणा पोचलाच नाही.

या सगळ्या व्यवस्थेत आवाज नीट लागतो तो एकाच खुर्चीत, एकाच डोक्याला. वीतभर बाजूला झालं की संपलं. दोघांनी मिळून ऐकायची सोयच नाही. त्यामुळं हा छंद स्वार्थी आहे, असं माझं पुष्कळ दिवस मत होतं. पण पाहुणा आला की समभुजराव त्याला त्या खुर्चीत बसवतात आणि स्वतः दाराशी उभे राहतात, जिथं त्यांच्याच हिशेबानं काहीच धड ऐकू येत नाही. गाणं तुम्ही ऐकता. ते तुमचा चेहरा पाहतात.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या समभुजरावांनी “पाच मिनिटं येऊन जा” म्हटलं, तर जा. खुर्ची सरकवू नका. फोन बाहेर ठेवा. “कळतोय ना फरक?” असं विचारलं तर लगेच हो म्हणू नका, झटपट होकारावर त्यांचा विश्वास नसतो. एक कडवं होऊ द्या, मग सांगा, “मधून येतोय.” आणि गाणं पुरतं संपल्याशिवाय उठू नका. पंखा तोवर बंदच राहणार, तेव्हा रुमाल बरोबर ठेवा.