मानपान राहिलेलं भूत

व्याही या नात्यात बोलायला विषय फार थोडे असतात. पाऊस झाला का, ऊस गेला का, गुडघा काय म्हणतो, एवढं झालं की फोन दोन्ही बाजूंनी जड होतो. मुलीबद्दल जास्त विचारावं तर त्यांना वाटतं चौकशी लावली. न विचारावं तर वाटतं, लेक देऊन विसरले.

मी शिरूरचा, शाळामास्तरकीतून निवृत्त. माझे व्याही दौंडचे. मालगाडीचे गार्ड होते. उभी हयात गाडीच्या शेपटाला, ब्रेक व्हॅनमध्ये, एक हिरवी आणि एक लाल बत्ती घेऊन एकट्यानं रात्री काढलेला माणूस. ते मला गुरुजी म्हणतात, मी त्यांना पाव्हणं म्हणतो. लग्नाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. कारण लग्नात मानाचे फेटे अकरा सांगितले होते आणि ऐन वेळी दहाच निघाले. अकरावं डोकं होतं पाव्हण्यांच्या मामांचं. मामा काही बोलले नाहीत. पंगतीला बसले, जिलबी ताटातच ठेवली आणि साडेचारच्या एसटीनं निघून गेले. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात लेकीनं आम्हा दोघांच्या मोबाइलवर जुने चित्रपट बघायची सोय करून दिली. कसं कोण जाणे, दोघांचीही गाडी भुताखेतांच्या आणि खूनबाजीच्या रुळावर गेली. रात्री बघायचं आणि सकाळी दहाला फोनवर निकाल द्यायचा, असा शिरस्ताच पडला.

सुरुवात झाली ‘महल’पासून. १९४९ चा, कमाल अमरोहींचा. पाव्हण्यांचं पहिलं मत असं, की ती गाणारी बाई आधी होम सिग्नलच्या बाहेर उभी आहे आणि मग हळूहळू फलाटात येते. मी सांगितलं की लताबाईंनी ते गाणं तसंच म्हटलं होतं. मायक्रोफोनपासून लांब उभं राहून सुरुवात करायची आणि गात गात जवळ यायचं. तबकडीवर नावही लताबाईंचं नव्हतं, पडद्यावरच्या कामिनीचं होतं. पाव्हणे क्षणभर गप्प झाले. म्हणाले, “बराबर हाय. रातच्याला पाटसाकडनं गाडी येती ती अशीच. आधी कळतच नाय, ऐकू येतंय का नुसतं वाटतंय.” चित्रपटावर पुष्कळ लिहिलेलं मी वाचलंय, पण ‘महल’चं एवढं नेमकं परीक्षण कुठं वाचल्याचं आठवत नाही.

मग ‘बीस साल बाद’ झाला, ‘वो कौन थी’ झाला. इथं आमचे मतभेद झाले. अडीच तास पांढरी साडी, धुकं, दूरवरचं गाणं आणि शेवटी कळतं की भूत नव्हतंच; कुणाचा तरी सूड होता, नाहीतर कुणाचा तरी इस्टेटीवर डोळा होता. मला मास्तर म्हणून हे पसंत. विद्यार्थ्यांनी अंधश्रद्धा बाळगू नये. पाव्हण्यांना मात्र ती चक्क फसवणूक वाटली. “भूत नव्हतं, मग तिकिटाचं पैसं भुताचं का घेतलं?”

‘सायको’ बघितला त्या दिवशी फोन सकाळी दहाऐवजी सातलाच आला. १९६० साली हिचकॉकनं नियम केला होता, की एकदा चित्रपट सुरू झाला की कुणालाही आत सोडायचं नाही. त्यामागचं कारण पाव्हण्यांना पाऊण तासातच उमगलं होतं. नायिका म्हणून जिच्यावर विसंबलो ती न्हाणीघरातच संपते आणि पुढं सगळा कारभार त्या लॉजवाल्या पोराच्या हातात जातो. “गुरुजी, हे तर आमच्या दौंडाचं झालं! गाडी आली एका तोंडानं, इंजिन काढलं, दुसरीकडनं जोडलं, आन् गाडी निघाली उलट्या तोंडानं. झोपलेल्या पाशिंजराला वाटतं, घराकडंच चाललो काय?” ते पंचेचाळीस सेकंदांचं दृश्य चित्रित करायला सात दिवस लागले आणि रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, असं मी सांगितलं. त्यावर पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, “म्हणूनच म्हणलं, एवढं दाट कसं?”

विहीणबाई मेथी निवडता निवडता अर्ध्या कानानं सगळं ऐकत असतात, हे तेव्हा कळलं. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ लागला की त्या उठून जातात. त्यातल्या सामरीचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे असतं. पाव्हण्यांच्या मते हा सगळा बुकिंगचा घोळ आहे. माल मनमाडला आणि बिल्टी दौंडला, मग दंगा होणारच. पण वसंत जोगळेकरांचा १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ बाईंनी बैठक मारून बघितला. आशा काळेंचे ते भेदरलेले डोळे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, “भुताचं ऱ्हाऊ द्या. त्या पोरीला घरात कुणी नीट विचारलं का, बाई तुला काय होतंय?”

आमच्या या छंदाला माझा पुतण्या हसतो. तो शेती बघतो. म्हणतो, “नाना, भीती वाटावी म्हणून पैसे भरता?” त्याचं खरं आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. मादी उसातच विते. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती जागेवर ठेवून आईची वाट बघत बसतात. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं येते. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर जावंच लागतं. माणसं गेली आहेत त्यात. हिचकॉकनं ‘द बर्ड्स’ला पार्श्वसंगीत दिलंच नाही, याचं जगाला केवढं कौतुक! पुतण्या रोज तसाच चालतो आणि संगीत नको म्हणून नाही, तर हवं म्हणून मोबाइलवर मोठ्यानं भजन लावतो. या भीतीवर विनोद करायची आमची टाप नाही. आम्ही पडद्यावरचीच घेतो, झेपेल तेवढी.

मग एकदा पाव्हण्यांनी विचारलं, “तुमच्या शिरूरला भूत नाय का हो एखादं?”

आहे. तेही गोरं आणि सरकारदप्तरी नोंदलेलं. कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी घोडनदीच्या छावणीत होता. १८०९ साली तो इथंच वारला. लोक त्याला सत्पुरुष म्हणू लागले. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय, की सुगीच्या वेळी शिरूरची आणि आसपासची माणसं त्याच्या थडग्यावर नव्या धान्याचा नैवेद्य आणतात. जवळच्या एका वाडीनं हा परिपाठ पाळला नाही, तेव्हा तिथं रात्री भलतेसलते आवाज येऊ लागले, आणि साहेब खुद्द पाटलाच्या स्वप्नात येऊन बजावून गेला, की पूजा चुकवाल तर वाईट होईल.

हे सांगताना माझ्या लक्षात आलं, की साहेबानं कुणाचं रक्त मागितलं नाही, कुणाच्या मानगुटीवर बसला नाही. त्याला फक्त मूठभर बाजरी कमी पडली होती आणि ती कमी पडल्याची दखल हवी होती. भुतांच्या निम्म्या गोष्टी अशाच असतात. कुणाचं तरी काहीतरी द्यायचं राहिलेलं असतं आणि तो बिचारा अपरात्री दार वाजवत असतो.

पलीकडून पाव्हणे सावकाश म्हणाले, “त्या सायबाला फेटा दिलाय का कुणी?”

आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मग त्यांनी घाईघाईनं ‘कॅरी’चा विषय काढला. अमेरिकेतला, १९७६ चा. सगळं मिटलं, आता संपलं, म्हणून ते चहाचा कप उचलायला गेले आणि तेवढ्यात थडग्यातून हात बाहेर आला. चहा धोतरावर. “मिटलं असं कधी समजू नये, गुरुजी,” असा त्यांनी निष्कर्ष काढला.

पुढच्या रविवारी मी गुलाबी फेटा घेऊन न्हावरा-चौफुल्यावरून दौंड गाठलं. पाव्हण्यांनी मामांना बोलावून ठेवलं होतं. हळदकुंकू लावलं, फेटा बांधवला. मामा आरशात बघून इतकंच म्हणाले, “रंग चांगलाय.” आणि जिलबी खाल्ली, चार. पाव्हण्यांनी माझ्याकडे पाहून हळूच अंगठा वर केला. त्यांच्या हिशेबी तो हिरवी बत्ती होता. सहा वर्षांचा भार उतरला. मी पाय पसरून बसलो आणि चहाच्या कपाला हात घातला.

तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा हलला. आतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला. हातात पोह्यांची बशी होती. पाठोपाठ विहीणबाईंचा आवाज.

“ते झालं ते बरं झालं, गुरुजी. आता आमच्या आत्याबाईंच्या साडीचं काय?”