डेटा ताटात टाकायचा नाही

आमच्या ट्रॉम्ब्याचं मूळ नाव तुर्भे, आणि खाडीपल्याड नवी मुंबईत आणखी एक तुर्भे आहेच. म्हणजे गावच आमचं डुअल सिम. तेव्हा माझ्या फोनात दोन सिम आली यात नवल नाही. नवल हे, की त्यातून पैसे वाचतील असं मला वाटलं.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांचे रिचार्ज महागले आणि मी चाळीस पानी वही काढली. पहिल्याच पानावर शोध लागला: रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा! पंचांगातला अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, यांचा दरवर्षी. आणि जावयाचं वाण द्यायचं ते आपणच. ज्या ट्रॉम्ब्यात ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, तिथल्या रहिवाशाला अठ्ठावीस गुणिले तेरा करायला इतकी वर्षं लागली. असो.

बेत सोपा होता. बँकेला, गॅसवाल्याला आणि मेहुण्याला ठाऊक असलेला जुना नंबर नुसता बोलण्यापुरता ठेवायचा, आणि इंटरनेट दुसऱ्या, स्वस्त सिमवर. सिमचा ट्रे उघडायची ती सुई आमच्याकडे कधीच जागेवर नसते, म्हणून हिच्या कानातल्याची तार खुपसली, तर ट्रे असा उसळला की नखाएवढं सिम थेट हिच्या निवडायच्या तांदळात. तीन किलो कोलम आम्ही दोघांनी दोनदा निवडला.

"सापडलं," ही म्हणाली. "खडा म्हणून फेकणार होते. फेकायलाच हवं होतं."

नव्या सिमवर रोज दीड जीबी मिळे आणि रात्री बाराला उरलेला डेटा बुडे. आता आम्ही पडलो ताटात काही न टाकण्याच्या संस्कारातले. पोट भरलं तरी पातेल्यातली चमचाभर भाजी संपवणारा माणूस अर्धा जीबी कसा वाया घालवील? साडेअकराला मी उशीला टेकून, डोळ्यांना पाणी लावून, तुर्कस्तानातल्या गालिचेधुलाईचे, जेसीबीने विहीर खणण्याचे आणि कुणा अनोळखी कुटुंबाच्या बारशाचे व्हिडिओ बघत बसे. सकाळी ऑफिसात पेंगे. डेटा मात्र पै न पै वसूल!

त्यातच कुणीतरी सांगितलं, की फोटोंचा बॅकअप, ॲपची अपडेटं वगैरे जड कामं 'फक्त वायफायवर' करून ठेवावीत. ठेवली. आमच्या घरी वायफाय नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मग एका रविवारी कोळीवाड्यात बोंबील घेतले. दोनशे चाळीस रुपये झाले. खिशात नोट नाही, फोन काढला, तर स्वस्त सिमला रेंज नाही आणि रेंज असलेल्या सिमला डेटा नाही. मी फोन आडवा धरला, उभा धरला, जेट्टीच्या दिशेने चार पावलं गेलो तेव्हा मावशीला वाटलं पळतोय. मागे आठ बायका, पुढे बोंबील, मधे मी हात वर करून, सूर्याला अर्घ्य देतोय असा.

शेवटी मावशीने पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि म्हणाली, "दादा, माझा हॉटस्पॉट घ्या."

घेतला. पैसे गेले, पिशवी मिळाली, आणि मी तिथेच उभा राहून तिला डुअल सिमचे फायदे समजावले. चांगली पंधरा मिनिटं. हॉटस्पॉट तसाच चालू. माझ्या फोनला वाटलं, आलं एकदाचं वायफाय! सहा महिन्यांचे फोटो, भाचीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ, एकवीस ॲपची अपडेटं अशी सगळी तुंबलेली वरात त्याने मावशीच्या दारातून सोडली.

पुढच्या रविवारी तिने मला लांबूनच ओळखलं.

"या दादा," ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बोंबलाचे दिलेत. डेटाचे राहिलेत."