आज वाचन बंद, वाचनाचा कार्यक्रम आहे

भद्रावतीत सर्वांत नियमितपणे प्रसिद्ध होणारे साहित्य म्हणजे वाचनालयातल्या कार्यक्रमाची बातमी. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, प्रतिमेला माल्यार्पण, अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख अतिथी तमुक. त्यांनी वाचनाचे महत्त्व विशद केले. प्रास्ताविक एकाचे, संचालन दुसऱ्याचे, आभार तिसऱ्याचे, आणि यशस्वितेसाठी उरलेल्या सर्वांचे परिश्रम. हा साचा इतका पक्का झाला आहे की बातमीदाराला कार्यक्रमाला यावेही लागत नाही. प्रेस नोट आदल्या दिवशीच पोहोचलेली असते आणि तिच्यात 'बहुसंख्य वाचक उपस्थित होते' हेही आधीच घडून गेलेले असते.

हे नेमके कोणते वाचनालय, असे विचारू नये. तुमच्या मनात जे आले तेच. आणि हे आपल्याबद्दल नाही, असे ज्या समितीला वाटेल, तिच्या सत्काराचा कार्यक्रम आम्ही स्वखर्चाने ठेवू.

वाचनालयाचे वर्ष कसे भरगच्च असते, पाहा. 3 जानेवारीला सावित्रीबाई. 12 जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच टेबलावर, कारण सतरंजी एकच आहे. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. 2025 मध्ये त्याच्याआधी 1 ते 15 जानेवारी 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा आणखी एक पंधरवडा आला. त्यामुळे 14 आणि 15 तारखेला त्याच माणसांना त्याच खुर्च्यांवर बसून सकाळी वाचनाचा संकल्प आणि दुपारी भाषेचे संवर्धन करावे लागले. पुढे 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रज, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 30 एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन आणि नोव्हेंबरात 14 ते 20 ग्रंथालय सप्ताह. एवढ्या जयंत्यांतून वेळ काढून एखाद्याने पुस्तक मागितलेच, तर ग्रंथपालाला दचकायला होते.

तरी वाचनालय ओस आहे म्हणाल तर तसे मुळीच नाही. सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा मिळत नाही. मैदानावर 1600 मीटर धावून आलेली पोलीस भरतीची पोरे, वनरक्षक भरतीच्या मुली, तलाठी भरतीची जाहिरात निघण्याची वाट पाहत पंचविशी ओलांडलेले दादा, सगळे पंख्याखालची जागा धरून बसलेले असतात. त्यांना वाचनालयाकडून तीनच गोष्टी हव्यात: उजेड, कूलर आणि गप्प बसणारी माणसे. पुस्तके ते घरून आणतात. एप्रिल-मेमध्ये, पारा 45 च्या पुढे सरकतो तेव्हा, या जिल्ह्यात पाणी भरलेल्या कूलरइतकी मोठी वाङ्मयसेवा दुसरी नाही. पण कूलरची बातमी होत नाही. कूलरला हार घालता येत नाही.

मग कार्यक्रमाचा दिवस उजाडतो. समितीचे काका दारात उभे राहून टाळ्या वाजवतात.

"चला रे पोरांनो, हॉल खाली करा."

"काहून जी काका?"

"कार्यक्रम आहे आज."

"कायचा?"

"वाचनाचं महत्त्व."

"मंग आम्ही काय करून राह्यलो होतो जी?"

"तुम्ही अभ्यास करून राह्यले. वाचन येगळं असते."

पोरे वह्या गुंडाळून चिंचेखाली जातात. खुर्च्या भिंतीपासून सुटून रांगेत येतात, बॅनर लागतो, समईत तेल पडते. आणि तेवढ्यात लक्षात येते की मंचावर नऊ जण आहेत आणि समोर तीन. लगेच चिंचेखाली निरोप जातो. ज्यांना वाचताना उठवले त्यांनाच आता ऐकायला बसवतात. "पुस्तकं बाहेर ठेवा रे, मान्यवरांकडे लक्ष द्या," अशी तंबीही मिळते. त्यानंतर मोबाइलमुळे नवी पिढी वाचनापासून कशी दूर गेली, यावर चाळीस मिनिटे भाषण होते. वक्ते मधून मधून मोबाइलमध्ये मुद्दे पाहतात.

12 ऑगस्टला तर हा खेळ विशेष रंगतो. 1892 साली त्या दिवशी जन्मलेले शियाळी रामामृत रंगनाथन हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा नियम असा की वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. त्यांच्या प्रतिमेला हार घालायला आमचे प्रमुख अतिथी दीड तास उशिरा येतात, कारण त्याआधी त्यांना आणखी एका प्रतिमेला हार घालायचा असतो. तोवर वाचक ताटकळतो, ग्रंथपाल घड्याळाकडे पाहतो आणि रंगनाथन भिंतीवरून सगळे सहन करतात.

या सगळ्याला केवळ समितीची हौस कारणीभूत आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्याने 1967 साली केला. त्याखाली आज अकरा हजारांवर शासनमान्य ग्रंथालये आहेत, अ, ब, क आणि ड अशा वर्गांत वाटलेली. 2012 साली सरकारने महसूल खात्याला घरोघरी, म्हणजे ग्रंथालयोग्रंथालयी, पाठवून पडताळणी केली. तेव्हा काही ठिकाणी दप्तर सापडले, पण ग्रंथालय सापडेना. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ वर्षानुवर्षे अडकून पडली. या प्रकरणातून खऱ्या ग्रंथालयांनी एकच धडा घेतला. आपण आहोत याचा पुरावा ठेवावा, आणि पुरावा म्हणजे फोटो. पुस्तक घरी नेणाऱ्या वाचकाचा फोटो कुणाच्या अहवालाला जोडता येत नाही. तो पाठमोरा असतो.

म्हणून वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोकडे जरा बारकाईने पाहा. सगळ्यांच्या हातात मराठी विश्वकोशाचे खंड दिसतील. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आयुष्याची इतकी वर्षे घालून उभा केलेला तो प्रचंड प्रकल्प आमच्याकडे मुख्यतः कॅमेऱ्यासाठी वापरला जातो. कवितासंग्रह फोटोत बारीक दिसतो. विश्वकोश धरला की माणूसही विद्वान दिसतो आणि अनुदानही योग्य जागी खर्च झाल्यासारखे वाटते.

आता अनुदानाचा हिशेब. ड वर्गाच्या ग्रंथालयाला 2012 नंतर वर्षाला 30 हजार रुपये मिळत. 2022 साली मंत्रिमंडळाने त्यात घसघशीत 60 टक्के वाढ केली. झाले 48 हजार. त्यातले निम्मे वेतनाचे, निम्मे बाकीच्या खर्चाचे. 24 हजारांना बाराने भागा, महिन्याला दोन हजार. दिवसाला सहासष्ट रुपये आणि काही पैसे. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी राज्यात दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातल्या ग्रंथपालाने पुस्तके सोडून पांदण रस्त्यावर मुरूम टाकला, तर त्याला चौपटीहून जास्त मिळतील, वर ऊनही मोकळे. तरीही तो शटर उघडतो, झाडू मारतो, दाखल नोंदवही लिहितो, वर्तमानपत्रांना दाभण घालतो आणि कार्यक्रमाच्या दिवशी पाण्याचे ग्लास फिरवतो. बातमीत त्याचे नाव 'यशस्वितेसाठी' या सदरात शेवटून दुसरे येते. शेवटचे नाव मंडपवाल्याचे.

भद्रावतीला दानाचा अनुभव नवा नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा एक ताम्रपट भांदकला, म्हणजे इथेच, सापडला. शके 694, म्हणजे इसवी सन 772. त्यात एका सूर्यमंदिराला गाव दिल्याची नोंद आहे. राजाने अख्खे गाव एका हप्त्यात देऊन टाकले. निम्मे गाव आता घ्या आणि उरलेले उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल व कार्यक्रमांचे फोटो सादर केल्यावर मिळेल, अशी अट त्या ताम्रपटात नाही. प्रशासन तेव्हा किती मागासलेले होते, हे यावरून कळते.

त्याच्याही शंभरेक वर्षे आधी चिनी प्रवासी ह्युएन त्संग भारतात फिरत होता. त्याने वर्णन केलेली कोसलाची राजधानी म्हणजे भांदक असावे, असे मत अलेक्झांडर कनिंगहॅमने मांडले आणि विद्वानांना पुढे वाद घालायला चांगला विषय मिळाला. विजासनच्या लेण्यांपाशी उभे राहिले की आपल्यालाही तो इथे येऊन गेला असावा असे वाटू लागते. इसवी सन 645 मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याकडे 657 ग्रंथ होते. आमच्या समितीच्या दृष्टीने हा प्रकार गंभीर आहे. एवढे ग्रंथ देशाबाहेर गेले आणि देवघेव नोंदवहीत एकाचीही नोंद नाही, अनामत नाही, दंड नाही. तेव्हापासून कपाटाला कुलूप आणि किल्ली सचिवांकडे, ही पद्धत पडली असावी.

त्या कपाटाबद्दल सांगायलाच हवे. काचेच्या आत पुस्तके आहेत आणि काचेवर कोळशाची भुकटी. खाणींच्या मुलखात ती कुठेही पोहोचते, वर्गणी न भरता. काचेवर बोट फिरवून पाहिले तर पहिल्या तीन कपाटांवर सारखाच थर, अखंड, काळसर. चौथ्यावर मात्र खालच्या कोपऱ्यात चार बोटांचे पुसट ठसे. ते एका निवृत्त काकांचे. आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर गेले, आता दुपार कादंबरीवर काढतात. दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग त्यांना मिळाला, दुसरा काचेआड दिसतो, पण किल्ली सचिवांकडे आणि सचिव एका सत्काराला. ते दुसऱ्या दिवशी आले, सचिव दुसऱ्या सत्काराला. असे पुष्कळदा झाल्यावर समितीच्या लक्षात आले की हा माणूस वारंवार येतो. 23 एप्रिलला त्यांना 'उत्कृष्ट वाचक' म्हणून मंचावर बोलावले. बाहेर आग ओकणारे ऊन, आणि काकांच्या खांद्यावर शाल. हातात नारळ. मनोगत व्यक्त करा म्हटल्यावर ते माइकसमोर आले आणि म्हणाले, "शाल कायले जी? दुसरा भाग देता का?"

सभागृहात टाळ्या पडल्या. विनोद सगळ्यांना आवडला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'सत्कारमूर्तींनी भावपूर्ण मनोगत व्यक्त केले' असे छापून आले. किल्ली अजून सचिवांकडेच आहे.

आता म्हणे ई-ग्रंथालय होणार. बारा संगणक, वातानुकूलित सभागृह, डिजिटल पडदा आणि समोर भव्य कमान. नकाशा पाहिला, त्यात मंच मोठा आहे आणि पुस्तकांसाठी जिन्याखाली जागा सोडली आहे. प्रस्तावित प्रकल्पांच्या बाबतीत भद्रावतीकर अनुभवी आहेत. 1990 च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीजप्रकल्पासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पण वीजप्रकल्प काही उभा राहिला नाही. शिवाय आमच्याकडे पाट्याही सावकाश बदलतात. तालुक्याचे गाव भद्रावती झाले, तरी रेल्वेच्या लेखी आम्ही अजून भांदकच. तेव्हा 'ई-ग्रंथालय' अशी पाटी लागली म्हणून आत काही बदलले असेल, अशी घाई कुणी करू नये. वीज आली तरी अभ्यासिकेतल्या पोरांचे भागेल.

तोवर वाचकांच्या वतीने तीन मागण्या आम्ही समितीकडे आणि वर शासनाकडे पाठवत आहोत. एक, कपाटाची किल्ली ग्रंथपालाच्या टेबलावर असावी. दोन, वाचनाचे महत्त्व सांगायचे असेल तर अभ्यासिका बंद झाल्यावर सांगावे, किंवा मान्यवरांनी स्वतः चिंचेखाली बसावे. तीन, पुस्तके सांभाळणाऱ्या माणसाला निदान मुरूम टाकणाऱ्याइतकी मजुरी मिळावी. पहिल्या दोन मागण्यांना एक रुपयाही लागत नाही, म्हणून त्या कुणी मनावर घेणार नाही. तिसरीला पैसा लागतो, म्हणून ती विचाराधीन राहील.